डेंग्यूचा माग कसा काढायचा : तापाचं रजिस्टर, अळ्यांची मोजणी की रक्ताचं सर्वेक्षण?

नवी मुंबईत दिघ्यापासून बेलापूरपर्यंत किंवा ठाण्यात मुंब्र्यापासून घोडबंदरपर्यंत डेंग्यू खरोखर किती मुरलाय हे शोधायचंय, आणि पैसे एकाच कामापुरते आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाचा विभाग असो, संस्था असो की पालिका, तीन वाटा समोर असतात. माझा कौल रक्ताच्या सर्वेक्षणाला आहे. मात्र ते कशाला उपयोगी आणि कशाला नाही, हे नीट समजून घेऊनच त्यात पडा.

तापाचं रजिस्टर म्हणजे दवाखाने आणि लॅबमधल्या तापाच्या रुग्णांची नोंद. त्याचं बळ वेगात आहे. पहिल्या चार-पाच दिवसांत एनएस-वन (विषाणूच्या प्रथिनाची चाचणी), त्यानंतर आयजीएम (संसर्गानंतर आधी तयार होणारी प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढणारी प्रथिनं), आणि साथ कुठे उठतेय ते त्याच आठवड्यात कळतं. पण दोन वॉर्डांची तुलना करायला गेलात की हे रजिस्टर फसवतं. घोडबंदरच्या टॉवरमधलं मूल तापाच्या दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये पोहोचतं. कळव्याच्या डोंगरउतारावरचा रोजंदारीवाला क्रोसिनची गोळी घेऊन कामावर जातो, त्याची नोंद कुठेच होत नाही. शिवाय सरकारी आकड्यात एलायझा (प्रयोगशाळेत होणारी रक्ताची) तपासणी धरतात, रॅपिड टेस्ट नाही. आणि डेंग्यूच्या साधारण चारपैकी तीन संसर्गांत लक्षणं नसतात किंवा अगदी किरकोळ असतात. म्हणजे ज्या भागात लॅब जास्त, तिथेच डेंग्यू जास्त दिसणार.

अळ्यांची मोजणी सांगते की आज कुठली पिंपं रिकामी करायची. शंभर घरांपैकी किती घरांत अळ्या सापडल्या, हा हाऊस इंडेक्स. आशाताई आणि मलेरिया विभागाचे कर्मचारी हे काम करतातच, ते थांबवू नका. पण माळ्यावरची एक टाकी नजरेतून सुटली तरी आकडा बदलतो, आणि अळ्यांच्या आकड्यावरून माणसांतला संसर्ग भरवशाने सांगता येत नाही. डास पकडून त्यांच्यात विषाणू शोधणं हा आणखी एक मार्ग, पण भर साथीतही थोड्याच माद्यांत विषाणू असतो, त्यामुळे डास फार मोठ्या संख्येने पकडावे लागतात. ते तज्ज्ञ संस्थांवर सोपवलेलं बरं.

आता रक्त. आयजीएम दोन-तीन महिन्यांत ओसरतं, आयजीजी ही नंतर तयार होणारी प्रतिपिंडं मात्र वर्षानुवर्षं टिकतात. ताप आला, नाही आला, डॉक्टर गाठला, नाही गाठला, शरीराने नोंद केलेली असते. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत झालेलं कोविडचं सेरो सर्वेक्षण (रक्तातल्या प्रतिपिंडांची पाहणी) आठवत असेल: झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडं, बाहेर १६ टक्के. नोंदलेल्या रुग्णांच्या आकड्यांतून एवढी दरी दिसली नव्हती. डेंग्यूसाठी असं देशव्यापी सर्वेक्षण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०१७-१८ मध्ये १५ राज्यांत केलं. ५ ते ४५ वयोगटातल्या सुमारे १२,३०० जणांत ४८.७ टक्के लोकांना डेंग्यू होऊन गेलेला दिसला, पश्चिम विभागात ६२.३ टक्के. तो आकडा तुमच्या वॉर्डाचा मात्र नाही.

इथे एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन: मोठ्या माणसांचं रक्त घेऊ नका. आपल्याकडचा चाळिशीचा माणूस साताऱ्याहून, रत्नागिरीहून, आझमगढहून आलेला असतो आणि दिवसभर मुंबईत नोकरीला असतो. एडिस डास दिवसा चावतो. त्या माणसाची प्रतिपिंडं ठाण्याची, गावाची की फोर्टातल्या ऑफिसची, कोण सांगणार? सात-आठ वर्षांचं, इथेच जन्मलेलं मूल घर आणि शाळा याच पट्ट्यात असतं. शिवाय लहान वयातून संसर्गाचा वेग काढता येतो. सहा वर्षांच्या १०० मुलांपैकी ३० जणांत आयजीजी सापडलं, तर त्या भागात बाधा न झालेल्या मुलांपैकी दर वर्षी सुमारे ६ टक्के बाधित होत आलीत. दोन वॉर्डांची तुलना या आकड्यावर करा. बाधित मुलांचा आकडा ५ टक्के मागेपुढे चालणार असेल तर सरळ (चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या) नमुन्यात ३८४ मुलं लागतात. शाळा-शाळांतून गट निवडायचे तर दुप्पट धरा, आणि तेही प्रत्येक वॉर्डासाठी.

खरी अडचण भावकीची आहे. डेंग्यू, झिका, जपानी मेंदूज्वर हे एकाच कुळातले, आणि एलायझा त्यांच्यात गोंधळते. पूर्व उत्तर प्रदेशात २००६ पासून मुलांना जपानी मेंदूज्वराची लस दिली जाते. तिकडून आलेल्या मुलाचं रक्त डेंग्यूचं वाटू शकतं. म्हणून जन्मस्थळ आणि लसीकरण विचाराच. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत भारतातल्या १९६ पैकी ३३ जणांत झिकाविरोधी प्रतिपिंडं आढळली होती, आणि महाराष्ट्रात पहिला रुग्ण नोंदला गेला २०२१ मध्ये, पुरंदरच्या बेलसरला. तेव्हाची प्रतिपिंडं भावकीतल्या दुसऱ्या विषाणूचीही असू शकतात, म्हणून नुसत्या प्रतिपिंडांवरून विषाणूचं नाव घेताना हा इतिहास लक्षात ठेवावा. उपाय म्हणजे नमुन्यांच्या एका भागावर पीआरएनटी करणं. त्यात जिवंत विषाणू रक्तद्रवासोबत पेशींवर सोडून तो किती रोखला गेला ते पाहतात. महाग आणि वेळखाऊ आहे, पण पाच-दहा टक्के नमुन्यांपुरता खर्च अंदाजपत्रकात आधीच घाला.

त्याच नमुन्यांत चिकुनगुन्याही तपासायचा असेल, तर तो या कुळातला नाही, त्यामुळे तो गोंधळ कमी. तिथे फसवतं ते कमी प्रमाण. हजार मुलांत ५० जणांनाच तो झालेला असेल आणि चाचणी दोन्ही बाजूंनी (बाधितांना ओळखण्यात आणि बाधा नसलेल्यांना वगळण्यात) ९५ टक्के अचूक असेल, तर जवळपास ४८ खरे आणि ४८ खोटे पॉझिटिव्ह येतात, आणि ५ टक्क्यांऐवजी ९.५ टक्के दिसतात. हा आकडा दुरुस्त न करता नकाशावर टाकू नका. चिकुनगुन्यासाठी मोठी वयंही घ्यावी लागतील, कारण तो थांबून-थांबून येतो: १९७३ ला बार्शीत साथ, मग तीसेक वर्षांची शांतता, मग २००६.

रुग्णालयाच्या लॅबमधलं उरलेलं रक्त वापरलं तर खर्च फारच कमी होतो. पण ते आजारी माणसांचं रक्त, आणि पत्ता पुष्कळदा नातेवाइकाचा. पहिली चाचपणी म्हणून ठीक. वॉर्डांची तुलना त्यावर बेतू नका.

शाळांतून रक्त घ्यायचं ठरलंच, तर नैतिकता समितीची मंजुरी आणि पालकांच्या सह्या यांसाठी तीन-चार महिने राखून ठेवा. शिरेतून रक्त काढायला पालक कचरतात. बोटाला टोचून फिल्टर पेपरवर घेतलेला थेंबही चालतो, फक्त लॅब तो स्वीकारते का हे आधी विचारा. नमुने जानेवारी-फेब्रुवारीत घ्या. पावसाळ्यातले संसर्ग तोवर आयजीजीत उतरलेले असतात आणि परीक्षा अजून लांब असतात.