टाकी भरली की मोटर बंद करणारं घरगुती यंत्र : नऊ महिन्यांचा अनुभव

आमच्याकडे नळाचं पाणी सकाळी तासभर येतं. ते खालच्या हौदात साठवायचं आणि एक एचपीच्या मोटरनं गच्चीवरच्या १००० लिटरच्या टाकीत चढवायचं. मोटर लावून कुणी दुसऱ्या कामाला लागलं की टाकी वाहायची आणि आई हळहळायची. म्हणून जानेवारीत पुण्याच्या तपकीर गल्लीतून नोडएमसीयू बोर्ड (प्रोग्राम भरता येणारा छोटा कंट्रोलर), अल्ट्रासोनिक सेन्सर (ऐकू न येणाऱ्या आवाजानं अंतर मोजणारा) आणि रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच) आणून हे यंत्र घरीच जोडलं.

तत्त्व सोपं आहे. सेन्सरनं सोडलेला आवाज पाण्यावर आपटून परत यायला किती मायक्रोसेकंद लागले ते मोजायचं, त्याला ५८ नं भागलं की सेंटीमीटर मिळतात. सेन्सरचा परतीचा सिग्नल ५ व्होल्टचा असतो आणि बोर्डाला ३.३ चालतो, म्हणून मध्ये १ किलोओम आणि २ किलोओमचे दोन रेझिस्टर टाकले. प्रोग्राम दोन संध्याकाळींत झाला. खरा त्रास दिला तो दमटपणानं.

आधी दोन डोळ्यांचा (एक आवाज सोडणारा, एक ऐकणारा) स्वस्त एचसी-एसआर०४ सेन्सर लावला होता. पाचव्या आठवड्यात तो टाकी रिकामी असतानाही भरलेली दाखवू लागला. झाकण उघडून पाहिलं तर जाळीच्या आत तांबूस गंज धरलेला, पिनांवर हिरवट पूड. झाकलेल्या टाकीतली हवा कायम ओलसर असते, तिथे उघडा सेन्सर टिकत नाही. त्याजागी एका डोळ्याचा सीलबंद जेएसएन-एसआर०४टी बसवला, तो आजही चालू आहे. पण त्याला २०-२५ सेंटीमीटरच्या आतलं धड मोजता येत नाही, आणि आमचा ओव्हरफ्लो पाइप झाकणापासून १८ सेंटीमीटरवर आहे. त्यामुळे पाणी झाकणापासून २८ सेंटीमीटरवर असतानाच मोटर बंद करावी लागते. म्हणजे प्रत्येक भरण्यात साधारण ९० लिटर जागा रिकामी राहते. उन्हाळ्यात हे जाणवलं.

फेब्रुवारीतल्या गार सकाळी सेन्सरच्या तोंडावर थेंब जमायचे आणि आकडा अचानक उडी मारायचा. आता सात वेळा मोजून मधला आकडा घेतो, तेव्हापासून उड्या थांबल्या.

सगळ्यात महत्त्वाचं सांगायचं ते रिलेबद्दल. बोर्डावरच्या १० अँपिअरच्या छोट्या रिलेवर मोटर थेट जोडू नका. मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. मार्चमध्ये आमच्या रिलेचे पॉइंट चिकटले, प्रोग्रामनं मोटर बंद केली तरी ती चालूच राहिली आणि अख्खी गच्ची भिजली. त्यानंतर वायरमनकडून कॉन्टॅक्टर (मोटरचा करंट झेलणारा मोठा रिले) बसवून घेतला, छोटा रिले आता फक्त त्याच्या कॉइलला, म्हणजे त्याला चालू करणाऱ्या गुंडाळीला, वीज देतो. २३० व्होल्टची ती जोडणी मी स्वतः केली नाही, तुम्हीही करू नका. सोबत टाकीत साधा फ्लोट स्विच (पाणी वर आलं की तरंगून वीज तोडणारा) टाकून तो कॉइलच्या वायरमध्येच घेतला. सेन्सर चुकला तरी मोटर थांबते.

पावसाळ्यात गच्चीवरच्या यंत्राच्या डबीत मुंग्यांनी घर केलं होतं, वायरच्या भोकात रबरी ग्लँड (वायरभोवती घट्ट बसणारं बूच) बसवल्यावर त्या गेल्या.

खर्च सगळा मिळून दोन हजारांच्या आसपास, वाया गेलेला सेन्सर धरून. मार्चनंतर टाकी एकदाही वाहिलेली नाही. शेजारच्या काकांना असंच करून देतोय, त्यांच्याकडे मात्र फ्लोट स्विच आणि कॉन्टॅक्टर आधी लागलेत, सेन्सर पुढच्या रविवारी.