पीट रोझ की बॅरी बॉन्ड्स: मत एकच असेल तर?

ताईचं घर सिनसिनाटीत. तिथे रेड्स या बेसबॉल संघाच्या मैदानाला लागून जो रस्ता जातो, त्याचं नावच 'पीट रोझ वे'. त्यामुळे या विषयाला दुसरी बाजू असते हे दाजींना मुळातच मान्य नाही. मी गेली पंचवीस वर्षं सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहतोय. जायंट्सच्या मैदानामागे खाडी आहे, आणि बॉन्ड्सने मारलेला चेंडू भिंतीवरून त्या पाण्यात पडताना मी स्वतः पाहिलाय. म्हणजे मीही काही तटस्थ नाही.

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, शाळेत डिबेट आहे. रोझ किंवा बॉन्ड्स, हॉल ऑफ फेमसाठी मत एकालाच द्यायचं. बाबा म्हणतात रोझ. तू सांग." दोघेही बेसबॉलचे विक्रमवीर, आणि दोघेही या हॉलच्या बाहेर: रोझ सट्ट्याबद्दलच्या बंदीमुळे, बॉन्ड्स स्टेरॉइडच्या संशयामुळे. फोनवर मी तासभर काहीबाही बोललो. तेच इथे जरा सुसूत्र लिहितोय. बेसबॉल फारसा न बघता अशा वादात ओढली गेलेली मराठी मंडळी अमेरिकेत घरोघरी आहेत, त्यांनाही उपयोग होईल.

हॉल ऑफ फेम म्हणजे न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन या छोट्या गावातलं संग्रहालय. पहिले पाच मानकरी १९३६ साली निवडले, इमारत १९३९ साली उघडली. ही खासगी संस्था आहे. मेजर लीगची, म्हणजे सामने भरवणाऱ्या व्यावसायिक लीगची, कचेरी नव्हे. खेळाडू निवृत्त झाला की काही वर्षांनी बेसबॉल पत्रकार त्याच्यावर मतं देतात. ७५ टक्के मिळाली तर आत. दहा वर्षांत जमलं नाही तर प्रकरण १६ जणांच्या समितीकडे जातं, तिथे १२ मतं लागतात.

एक घोटाळा आधीच दूर करू. "त्यांना इतिहासातून पुसून टाकलंय" असं दाजी म्हणतात, ते खरं नाही. संग्रहालयात दोघांच्याही वस्तू आहेत. बॉन्ड्सने २००७ साली ७५६ वा होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) मारून हँक आरनचा सर्वाधिक होमरनचा विक्रम मोडला, तो चेंडू एका फॅशन डिझायनरने साडेसात लाख डॉलरला विकत घेतला. त्याचं काय करायचं यावर त्याने लोकांची मतं मागवली, आणि लोकांनी सांगितलं म्हणून चेंडूवर चक्क फुलीसारखी तारांकित खूण कोरून तो कूपर्सटाउनला देऊन टाकला. अमेरिकेत विक्रमापुढे अशी खूण म्हणजे 'खाली तळटीप बघा'. तर चेंडू आत आहे, बॉन्ड्स बाहेर. भांडण फक्त मानकऱ्यांच्या नावाने तिथे लागणाऱ्या कांस्याच्या पाटीचं आहे.

खेळ कोणाचा मोठा?

इथे मला फार वेळ लागत नाही. दाजींना राग येईल, पण दोघांमध्ये तुलना होतच नाही.

रोझचे हिट, म्हणजे ज्या फटक्यावर फलंदाज धावत सुखरूप बेसवर (मैदानावरच्या थांब्यावर) पोचतो ते फटके, ४,२५६. इतके कोणाचेच नाहीत. ३,५६२ सामने, तेही कोणाचे नाहीत. १९७८ मध्ये सलग ४४ सामन्यांत हिट. तीनदा जगज्जेता, दोनदा सिनसिनाटीकडून आणि एकदा फिलाडेल्फियाकडून. चार वाइड बॉलवर फुकट पहिला बेस मिळाला की इतर खेळाडू रमतगमत जातात. हा तिथेही धावत जायचा, म्हणून 'चार्ली हसल' हे नाव पडलं. ११ सप्टेंबर १९८५ च्या रात्री, वयाच्या ४४ व्या वर्षी त्याने टाय कॉबचा सर्वाधिक हिटचा विक्रम मोडला. घरचं मैदान, टाळ्या काही मिनिटं थांबेनात, आणि पहिल्या बेसवर उभा असलेला हा राकट माणूस ढसाढसा रडला. बॅट सांभाळणारा त्याचा मुलगा धावत आला नि बापाला बिलगला. ते चित्रण आजही बघावं. दाजी एवढे हळवे का होतात ते त्यावरून कळतं.

पण त्या ४,२५६ पैकी ३,२१५ फटके एका बेसचेच आहेत. होमरन १६०. रोझ थोर होता तो मुख्यतः टिकला म्हणून. रोज हजर, रोज अंगावर माती. आपल्याकडे अशा खेळाडूचं फार कौतुक होतं आणि व्हायलाच हवं. तरी तो सर्वोत्तम फलंदाज होता का, हा प्रश्न वेगळा. बेस गाठण्याचं प्रमाण रोझचं ०.३७५, बॉन्ड्सचं ०.४४४.

बॉन्ड्सचे होमरन ७६२, त्यातले ७३ एकट्या २००१ च्या मोसमात. सर्वोत्तम खेळाडूचा किताब सात वेळा. ५०० होमरन आणि ५०० चोरलेले बेस (फटका न लागता संधी साधून पळत गाठलेले पुढचे बेस) हे दोन्ही एकाच माणसाच्या नावावर असण्याचं उदाहरण तेवढं एकच. आकडे बाजूला ठेवा आणि हा प्रसंग बघा. २८ मे १९९८, फिनिक्स. ॲरिझोना ८–६ ने पुढे, शेवटचा डाव, दोन बाद, तिन्ही बेसवर जायंट्सचे गडी, बॅट हातात घेऊन बॉन्ड्स. ॲरिझोनाचे व्यवस्थापक (मैदानावरचे डावपेच ठरवणारे प्रशिक्षक) बक शोवॉल्टर यांनी गोलंदाजाला सांगितलं की याला खेळूच देऊ नकोस, मुद्दाम चार वाइड टाक. बेस भरलेले असताना असं करणं म्हणजे समोरच्या संघाला आपल्या हाताने एक धाव देणं. शोवॉल्टरनी ती दिली. ८–७ झाले, पुढचा फलंदाज बाद झाला, ॲरिझोना जिंकली. शेवटच्या षटकात मुद्दाम धाव द्यावी पण याच्या बॅटला चेंडू लागू नये, असं कोणत्या क्रिकेट कप्तानाला वाटलंय? २००४ मध्ये बॉन्ड्स ६१७ वेळा खेळायला आला आणि त्यातल्या १२० वेळा त्याला असंच हेतुपुरस्सर पुढे पाठवलं.

आता कोणी म्हणेल, ती सगळी सुईची करामत. म्हणून १९९८ ची तारीख मुद्दाम दिली. बॉन्ड्सवरचा स्टेरॉइडचा संशय सुरू होतो तो त्या मोसमानंतर. तोपर्यंत त्याचे ४११ होमरन, ४४५ चोरलेले बेस, क्षेत्ररक्षणाचे आठ गोल्ड ग्लव्ह पुरस्कार आणि सर्वोत्तम खेळाडूचे तीन किताब झाले होते. तेव्हाच निवृत्त झाला असता तरी कूपर्सटाउनला गेला असता.

गुन्हा कोणाचा मोठा?

इथे खरी अडचण आहे, कारण मतदारांना दिलेल्या नियमात खेळाच्या बरोबरीने सचोटी, खिलाडूवृत्ती आणि चारित्र्य हे शब्दही आहेत. ते कसे मोजायचे, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही.

रोझने सट्टा लावला. साध्या मॅचवर नव्हे. तो स्वतः रेड्सचा व्यवस्थापक असताना रेड्सच्याच सामन्यांवर. १९८९ चा चौकशी अहवाल २२५ पानांचा आहे आणि १९८७ च्या मोसमात रेड्सच्या ५२ सामन्यांवर पैसे लागल्याचं त्यात आहे. २४ ऑगस्ट १९८९ ला त्याच्यावर कायमची बंदी आली. पंधरा वर्षं तो "मी बेसबॉलवर सट्टा लावलाच नाही" म्हणत राहिला, २००४ मध्ये कबूल केलं. "पण खेळाडू म्हणून नाही, व्यवस्थापक म्हणून" असा बचाव उरला होता. २०१५ मध्ये सट्ट्याच्या नोंदींची जुनी वही उजेडात आली आणि १९८६ मध्ये स्वतः खेळत असतानाही पैसे लावल्याच्या नोंदी तिच्यात सापडल्या.

दाजींचा हुकमी मुद्दा: "तो नेहमी आपल्याच टीमवर लावायचा, हरण्यावर कधीच नाही. मग नुकसान कोणाचं?" विरुद्ध पैसे लावल्याचा पुरावा नाही, हे खरं. पण विचार करा. ज्या दिवशी पैसे लावलेत त्या दिवशी तो दमलेल्या गोलंदाजालाही ओढून आणणार. ज्या दिवशी लावले नाहीत त्या दिवशी तोच गोलंदाज बाकावर बसून राहणार. आणि रोझने आज पैसे लावले नाहीत ही बातमीसुद्धा बुकीच्या दृष्टीने सोन्याच्या मोलाची. हॅन्सी क्रोनिएचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा आपण जुन्या मॅचेस आठवून "ती खरी होती का रे?" असं एकमेकांना विचारत बसलो होतो. प्रेक्षकाचं ते एक नुकसान परत भरून येत नाही.

शिवाय नियम स्पष्ट होता. आपला संबंध असलेल्या सामन्यावर पैसे लावले तर कायमचं बाहेर, हे कलम २१ मध्ये आहे आणि ते कलम प्रत्येक संघाच्या खोलीत भिंतीवर लावलेलं असतं. रोझ त्या कागदाखाली अख्खी कारकीर्द कपडे बदलत होता.

बॉन्ड्सचा मामला धूसर आहे. २००३ मध्ये ग्रँड ज्युरीपुढे (खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) तो जे बोलला त्याच्या बातम्या बाहेर आल्या: ट्रेनरने दिलेले थेंब आणि मलम वापरले, पण आपल्याला ते जवसाचं तेल आणि सांधेदुखीचा मलम वाटला. (जवसाच्या चटणीवर वाढलेल्या माणसाला हे ऐकून हसू आवरत नाही. ७३ होमरन!) मला विचाराल तर त्याने घेतलं, आणि काय घेतोय हे त्याला ठाऊक होतं. २०११ मध्ये न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याबद्दल तो दोषी ठरला, २०१५ मध्ये अपिलात तो निकाल रद्द झाला. मेजर लीगने स्टेरॉइडसाठी त्याच्यावर कधीच बंदी घातली नाही.

घालणार कशी? नोकरदाराच्या भाषेत सांगायचं तर कंपनीने पॉलिसीचं पत्रक काढलं होतं, तपासणी मात्र कोणी करत नव्हतं. ही औषधं चालणार नाहीत असा कमिशनरचा, म्हणजे लीगच्या प्रमुखाचा, मेमो १९९१ मध्ये निघाला. चाचण्या सुरू झाल्या २००३ मध्ये आणि त्याही नावं गुप्त ठेवून, शिक्षा त्यानंतर. मधल्या काळात होमरनचा पाऊस पडत होता, मैदानं भरत होती, मालकांची तिजोरीही. त्या काळात कमिशनर होते बड सीलिग. बॉन्ड्सने आरनची बरोबरी करणारा ७५५ वा होमरन मारला तेव्हा सीलिग खिशात हात घालून उभे राहिले होते. त्याच सीलिग यांची पाटी २०१७ साली कूपर्सटाउनमध्ये लागली. घरचा कर्ता आत आणि पोरगं बाहेर, हे मला पटत नाही.

बॉन्ड्सच्या विरोधातला वजनदार मुद्दा वेगळाच आहे, आणि भाच्याला मी तोही लिहून घ्यायला लावला. फ्रेड मॅकग्रिफसारखी माणसं. ४९३ होमरन, अंगावर संशयाचा शिंतोडा नाही, आणि भोवतालचे आकडे फुगल्यामुळे वर्षानुवर्षं दुर्लक्षित. डिसेंबर २०२२ मध्ये समितीने मॅकग्रिफला १६ पैकी १६ मतं दिली. बॉन्ड्सला चारही नाहीत.

स्वभावाबद्दल थोडक्यात. दोघेही शेजारी म्हणून नकोत. रोझ १९९० मध्ये उत्पन्न लपवल्याबद्दल पाच महिने तुरुंगात होता. २०१७ मध्ये एका महिलेने कोर्टातल्या जबाबात, १९७० च्या दशकात आपण अल्पवयीन असताना त्याचे आपल्याशी संबंध होते असं सांगितलं. संबंध त्याने मान्य केले, पण ती तेव्हा १६ वर्षांची होती असं त्याचं म्हणणं. खटला झाला नाही, पण फिलाडेल्फियाने ठरलेला सत्कार रद्द केला. नंतर नंतर तो 'बेसबॉलवर सट्टा लावल्याबद्दल क्षमस्व' असं लिहून सही केलेले चेंडू विकायचा. पश्चात्तापही दर लावून. बॉन्ड्सची तऱ्हा निराळी: संघाच्या खोलीत स्वतःची वेगळी आरामखुर्ची, पत्रकारांशी तुसडेपणा. २००२ मध्ये डगआउटमध्ये (मैदानालगत खेळाडू बसतात तिथे) सहकारी जेफ केंटशी त्याची धक्काबुक्की कॅमेऱ्यात टिपली गेली. डिसेंबर २०२५ च्या समितीत दोघांची नावं एकाच यादीत होती. केंटला १४ मतं, बॉन्ड्सला पाचापेक्षा कमी.

माझं मत

बॉन्ड्स. खेळात तो कितीतरी पुढे, संशयाआधीचा हिस्साच पुरेसा, आणि त्याचं पाप हे जिंकण्यासाठी केलेलं पाप आहे. त्याने आकडे वाकवले. रोझने निकालावरचा विश्वासच टांगणीला लावला. फलंदाज डेव्हिड ऑर्टिझचं नाव २००३ च्या त्या गुप्त चाचणीच्या संदर्भात वर्तमानपत्रात आलं होतं, तरी २०२२ मध्ये तो पहिल्याच फेरीत आत गेला. बॉन्ड्स मात्र त्याच वर्षी दहाव्या नि शेवटच्या प्रयत्नात ६६ टक्क्यांवर अडकला. याला सचोटीची कसोटी म्हणत नाहीत. लोकांना कोण आवडतं त्याची ती गणती झाली.

पण तू सिनसिनाटीत राहतोस, असं मी भाच्याला म्हटलं. तुला 'चारित्र्य' हा शब्द नियमातून काढून टाकावासा वाटत असेल तर दोघेही आत जातात, आणि एकालाच निवडायचं तर खेळावर बॉन्ड्सच येतो. तो शब्द कडक लावायचा असेल तर दोघेही बाहेर. रोझ आत आणि बॉन्ड्स बाहेर हे जमवायचं तर एकच वाट आहे: सट्टा हा डोपिंगपेक्षा हलका गुन्हा आहे हे सिद्ध कर. कर प्रयत्न, दाजी मदत करतील.

प्रत्यक्षात घड्याळ उलट चाललंय. रोझ ३० सप्टेंबर २०२४ ला गेला. मे २०२५ मध्ये कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांनी ठरवलं की मेलेल्या माणसापासून खेळाला धोका नाही, कायमची बंदी मृत्यूबरोबर संपते. त्यामुळे डिसेंबर २०२७ च्या समितीपुढे रोझचं नाव येऊ शकतं. बॉन्ड्सला पाच मतंही न मिळाल्याने नव्या नियमानुसार तो पुढच्या फेरीतून बाद. त्याचा नंबर लवकरात लवकर २०३१ मध्ये, आणि तेव्हाही पाच मतं पडली नाहीत तर कायमचा विषय संपला.

डिबेट गुरुवारी झाली. भाच्याने कोणती बाजू घेतली ते ताई सांगायला तयार नाही. फोनवर मागून दाजींचा आवाज येत होता, तो काही खुशीतला वाटला नाही.