महिलांची वेट ट्रेनिंग बॅच : बारा आठवड्यांनंतरचा अभिप्राय

घराजवळच्या एका जिममध्ये सकाळी साडेदहाला फक्त महिलांसाठी वजनांच्या व्यायामाची बॅच असते. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी ती लावली आणि आठवड्यातून तीन दिवस, असे बारा आठवडे नेमाने पूर्ण केले. व्यायाम शिकवण्यात ही बॅच उत्तम आहे. त्याचे फळ मोजण्यात मात्र तिथे मोठा घोळ आहे.

आमच्या ट्रेनर मॅडमनी पहिले दोन आठवडे डेडलिफ्टसाठी (जमिनीवरचे वजन सरळ उभे राहत उचलण्याचा व्यायाम) २० किलोच्या रिकाम्या रॉडखेरीज काहीही उचलू दिले नाही. रॉड नडगीला जवळजवळ घासत वर आला पाहिजे आणि पाठ गोल होता कामा नये, एवढ्यासाठी त्या प्रत्येकीच्या शेजारी उकिडव्या बसून पाहत असत. प्रत्येकीची वही असते व तीत तारीख, वजन, सेट (फेऱ्या) आणि रेप (एका फेरीतल्या आवृत्त्या) लिहिले जातात. माझ्या वहीत बाराव्या आठवड्यात पाच रेपसाठी ४५ किलोची नोंद आहे. सुमारे तीस किलोचा भरलेला गॅस सिलिंडर पूर्वी मी कडेवर तिरका करून फिरवत न्यायची. आता तो सरळ उचलते.

घोळ आहे तो दरमहा होणाऱ्या ‘बॉडी अ‍ॅनालिसिस’मध्ये. अनवाणी पायांनी धातूच्या पट्ट्यांवर उभे राहायचे, दोन्ही हातांत यंत्राच्या मुठी धरायच्या, की छापील कागद बाहेर येतो. माझ्या स्नायूंचे वजन सुरुवातीला १९.४ किलो होते, दुसऱ्या महिन्यात १९.१ आणि शेवटी १९.७. दुसऱ्या महिन्याचा कागद पाहून काउंटरवरच्या मुलाने ‘मॅडम, मसल कमी होतोय’ असे सांगत प्रोटीन पावडरचा डबा पुढे केला, आणि त्याच आठवड्यात मी पहिल्यांदा ३५ किलो उचलले होते! वास्तविक हे यंत्र स्नायू तोलत नाही. शरीरातून सौम्य विद्युतप्रवाह सोडून, त्याला होणाऱ्या विरोधावरून ते पाण्याचा आणि त्यावरून स्नायूंचा अंदाज बांधते. पोटभर पाणी, नुकतेच झालेले जेवण किंवा पाळीचे दिवस एवढ्यानेही तीनशे ग्रॅमचा फरक दिसू शकतो.

शिवाय सुरुवातीच्या आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः मज्जासंस्थेची कमाई असते : मेंदूचा हुकूम एकाच वेळी अधिक स्नायुतंतूंपर्यंत पोहोचू लागतो. मोरितानी आणि डीव्हराइज या संशोधकांनी १९७९मध्येच हे मांडले होते. स्नायूंची जाडी मागाहून वाढते. स्त्रियांमध्ये टेस्टोस्टेरॉन हे स्नायू वाढवणारे संप्रेरक पुरुषांपेक्षा कितीतरी कमी असल्यामुळे किलोच्या हिशेबात ही वाढ थोडी दिसते, परंतु मूळ ताकदीच्या टक्केवारीत स्त्रियांची प्रगती पुरुषांच्या तोडीची असते. (‘दंड फुगतील’ ही धास्ती बॅचमधल्या निम्म्या जणींना अजूनही आहे.) अर्थात स्नायूंचे मोल कमी नाही, तंत्र अंगवळणी पडल्यावर पुढची मजल बऱ्याच अंशी त्यांच्या जाडीवरच ठरते. पण टोकियो ऑलिंपिकमध्ये ४९ किलो वजनगटात वेटलिफ्टर मीराबाई चानूने वजन उचलण्याच्या दोन प्रकारांत मिळून २०२ किलो उचलले, यावरून लहान चणीतही किती ताकद मावते ते कळते.

आणखी एक तक्रार. स्त्रियांसाठीचा १५ किलोचा, २५ मिलिमीटर जाडीचा रॉड इथे नाही. २० किलोचा जाड रॉड लहान तळव्यांत नीट बसत नाही आणि बोटांच्या मुळाशी घट्टे पडतात. मी पुढच्या तीन महिन्यांची फी भरली आहे. अ‍ॅनालिसिसचे वेगळे पैसे मात्र भरले नाहीत.