मॅक्स८०९ आणि ८१०: चिप चांगली, पण शेवटचं अक्षर बघून घ्या

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत कंट्रोल पॅनल बनवणाऱ्यांना ही तक्रार नवी नाही: शेजारची मोठी मोटर सुरू झाली की टायमरचं कार्ड हँग होतं आणि मेन स्विच बंद-चालू केल्याशिवाय शुद्धीवर येत नाही. शिव्या प्रोग्रामला पडतात, पण दोष बहुतेक वेळा रिसेट पिनवरच्या (प्रोसेसर पहिल्यापासून सुरू करणाऱ्या पिनवरच्या) १० मायक्रोफॅरॅड कपॅसिटर आणि ८.२ किलोओहम रेझिस्टरच्या जोडीचा असतो. लाइट पूर्ण गेली तर ही जोडी काम करते. पण ५ व्होल्ट क्षणभर ३.५ वर येऊन परत चढले, तर कपॅसिटर पुरेसा उतरत नाही, रिसेटचा पल्स बनत नाही आणि भरकटलेला ८०५१ (कार्डावरचा प्रोसेसर) तसाच धावत राहतो.

या दुखण्यावर सप्लायवर नजर ठेवणाऱ्या मॅक्स८०९ मालिकेच्या चिपा हा सरळ इलाज आहे. तीन पाय, एसओटी-२३ पॅकेज: १ ग्राउंड, २ रिसेट, ३ सप्लाय. व्होल्टेज ठरलेल्या पातळीखाली गेलं की रिसेट, आणि परत वर आल्यावरही साधारण २४० मिलिसेकंद रिसेट कायम.

घोळ होतो तो नावाच्या शेवटच्या अक्षरात, कारण रिसेटची पातळी तेच सांगतं. एल म्हणजे ४.६३ व्होल्ट, एम ४.३८, जे ४.००. दुकानात एल मागायची सवय सोडा. ७८०५ या ५ व्होल्टच्या रेग्युलेटरचं आउटपुट ४.८ असलं तरी ते नियमात बसतं. त्यात वायरिंगचा ड्रॉप धरला की एल विनाकारण रिसेट देत राहते. एटी८९एस५२ या नेहमीच्या ८०५१ जातीच्या प्रोसेसरला किमान ४.० व्होल्ट लागतात. जे ची पातळी तापमानानुसार ३.८९ पर्यंत उतरू शकते, म्हणून तीही नको. ५ व्होल्टच्या कार्डाला एम घ्या.

दुसरी गोष्ट दिशेची. रिसेट देताना ८०९ ची पिन लो (शून्याजवळ) जाते, ८१० ची हाय (सप्लायजवळ). ८०५१ ला ८१० च लागते. ८०९ लावली तर प्रोसेसर कायम रिसेटमध्येच अडकून बसेल. ८१० बसवताना जुना कपॅसिटर काढा. कार्डावरच प्रोग्रामिंग करायचं असेल तर चिप आणि रिसेट पिन यांच्यामध्ये ४.७ किलोओहम घाला, नाहीतर प्रोग्राम भरणारं यंत्र आणि चिप एकमेकांशी भांडतात. मग ८.२ किलोओहमही काढावाच लागतो: तो राहिला तर पिनवर जेमतेम ३.२ व्होल्ट पोचतात आणि ८०५१ ला ५ व्होल्टवर ३.५ लागतात. प्रोसेसरच्या आतला पुल-डाउन (पिन खाली ओढणारा रेझिस्टर) पुरतो.

चिप रेग्युलेटरजवळ नाही, प्रोसेसरच्या सप्लाय पिनांजवळ बसवा, सोबत ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर. सुट्या पिशवीतून घेतलेला माल तपासूनच लावा. बारीक मार्किंगवर बहुधा नुसता कोड असतो, एल की एम ते सरळ लिहिलेलं नसतं. बेंच सप्लाय ५ वरून ०.०५ च्या पायरीने खाली आणा. एम ४.४ च्या आसपास पलटायला हवी.

८०५१ ऐवजी एटीमेगा३२८पी हा प्रोसेसर वापरणाऱ्यांना ही चिप बहुधा लागणारच नाही. त्याच्या आत ब्राउन-आउट डिटेक्टर (व्होल्टेज घसरलं की रिसेट देणारी सोय) आहे, फक्त त्याचा फ्यूज, म्हणजे प्रोग्रामरने करायची सेटिंग, ४.३ व्होल्टवर लावा. याच प्रोसेसरच्या अर्डुइनो उनो बोर्डात तो २.७ वर असतो आणि १६ मेगाहर्ट्झला सुमारे ३.८ व्होल्ट हवेत, म्हणजे ते संरक्षण नावापुरतंच.

उणिवा? एक तर रिसेटमध्ये ८०५१ चे सगळे पोर्ट हाय होतात. रिले हायवर ओढले जात असतील तर त्या पाव सेकंदात कॉन्टॅक्टर खडखडू शकतात. ड्रायव्हर लोवर चालणारा ठेवा. दुसरं, ही चिप आधी इशारा देत नाही, त्यामुळे काउंटरची गणती ईईप्रॉममध्ये (लाइट गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) लिहायला वेळ मिळत नाही. ते हवं असेल तर आठ पायांची मॅक्स७०८ घ्या: पातळी ४.४०, हाय आणि लो दोन्ही रिसेट, वर १.२५ व्होल्टची पॉवर-फेल पिन. ७८०५ च्या आधीचं व्होल्टेज दोन रेझिस्टरांनी विभागून त्या पिनला द्या, आणि पॉवर-फेलचं आउटपुट ८०५१ च्या इंटरप्ट पिनला (चालू काम थांबवून तातडीचं काम करायला लावणाऱ्या पिनला).