मुलाच्या अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्यात: औषध की बँडिंग?

यकृताचा जुना आजार, दुर्बीण तपासणीत फुगलेल्या शिरा, पण रक्ताची उलटी अजून एकदाही नाही. शिरा लहान असतील आणि त्यांवर लाल डाग नसतील, तर बहुधा काही न करता ठरावीक काळाने पुन्हा पाहतात. खरा पेच मोठ्या शिरांचा. मुलांमध्ये पहिला रक्तस्राव टाळायला काय सरस, हे ठरवण्याइतक्या मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत. बराचसा आधार मोठ्या माणसांवरच्या अनुभवाचा आहे.

औषध म्हणजे प्रोप्रॅनोलॉल, नाडी मंदावणारी गोळी: स्वस्त, भूल नाही, फेऱ्याही कमी. सुरुवात साधारण किलोमागे दिवसाला 1 मिलिग्रॅमने, दोन-तीन भागांत, मग नाडी सुमारे 25 टक्के उतरेपर्यंत हळूहळू वाढ. अडचण घरी सुरू होते: 12 किलोच्या मुलाला तीन भागांत द्यायचं तर एका वेळी 4 मिलिग्रॅम हवं आणि गोळी 10 ची. ब्लेडने अंदाजे तुकडे पाडू नका, मोजून देण्याची पद्धत डॉक्टरांकडून लिहून घ्या. दमा असेल तर हे औषध नको. उपाशीपोटी साखर घसरते, म्हणून उलट्या-जुलाबात डोस द्यायचा की थांबवायचा, हेही आधीच विचारून ठेवा. मात्र एरवी मनाने एकदम बंद करू नका. मोठा आक्षेप वेगळाच आहे: रक्त गेलं की मुलाचं शरीर नाडी वाढवून तग धरतं, आणि हे औषध नेमकं तेच अडवतं. तान्ह्या बाळांत म्हणूनच जास्त जपून.

बँडिंगमध्ये शिरेला रबरी कडी घालून ती सुकवतात. भूल लागते, आणि शिरा संपेपर्यंत दर 2 ते 4 आठवड्यांनी पुन्हा. कडी गळताना तिथे जखम उरते. पहिल्या दोनेक आठवड्यांत तीच रक्त सांडू शकते. तेवढे दिवस मऊ भात, खिचडी. पोह्यांवरची शेव तर नाहीच. साधारण 10 किलोखालच्या मुलाच्या घशातून बँडचं उपकरण जाणं अवघड, तिथे शिरेत औषध टोचतात. श्रीनगरच्या 2002 च्या चाचणीत आधीच रक्तस्राव झालेल्या 49 मुलांत मात्र टोचण्यापेक्षा बँडिंग सरस ठरलं.

आमचा कल असा: मूल 10 किलोवर, शिरा मोठ्या, घर इंदुरातच आणि मुलांची दुर्बीण नियमित करणारा हात जवळ, तर बँडिंग. खरगोन-बडवानीसारख्या लांबच्या भागातून दर तीन आठवड्यांनी येणं जमणार नसेल, तर अर्धवट सोडलेल्या बँडिंगपेक्षा नीट मोजून दिलेलं औषध बरं. यकृत ठीक असून फक्त पोर्टल शीर (आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणारी) बंद असेल, तर त्या शिरेला वळसा घालणाऱ्या बायपास शस्त्रक्रियेबद्दलही आवर्जून विचारा.

काहीही निवडा, तापाला आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन नको. डांबरासारखी काळी शी किंवा रक्ताची उलटी झाली, तर फोनाफोनीत वेळ न घालवता थेट रक्तपेढी असलेल्या मोठ्या रुग्णालयात, जुने रिपोर्ट आणि रक्तगट सोबत घेऊन.