हाताने चालवायचा लिपोसोम एक्स्ट्रूडर: नाशिकच्या कॉलेज लॅबने घ्यावा का?

घ्यावा. लिपोसोम म्हणजे लिपिडच्या (पेशीपटल ज्याचं बनतं त्या मेदद्रव्याच्या) सूक्ष्म पोकळ गोळ्या; एक्स्ट्रूडर त्यांना बारीक छिद्रांतून दाबून एकसारख्या आकाराच्या करतो. पण या गोळ्यांपासून काचेवर पेशीपटलाचं मॉडेल जमलं नाही की खापर याच्यावर फोडलं जातं, आणि बहुतेक वेळा दोष काचेचा असतो. त्याबद्दल खाली.

खोक्यात १ मिलीच्या दोन काचेच्या सिरिंज, टेफ्लॉनचे दोन तुकडे, ओ-रिंग आणि स्टीलचं आवरण मिळतं. टेफ्लॉनच्या मधोमध १९ मिमीचा पॉलिकार्बोनेट फिल्टर बसतो, त्याच्या दोन्ही अंगांना १० मिमीचे आधारकागद. फिल्टरच्या पाकिटात प्रत्येक दोन फिल्टरांमध्ये एक निळा कागद असतो. नवखा विद्यार्थी हमखास तोच बसवतो आणि मग ‘दाबच जात नाही’ म्हणतो. खरा फिल्टर पांढरट, पातळ आणि चकचकीत.

लिपिड क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलेलंच मागवावं. पावसाळ्यात नाशिकच्या दमट हवेत पीओपीसी, डीओपीसी या नेहमीच्या लिपिडांची पूड तोलायला गेलात तर ती ओल ओढते आणि वजन फसतं. २५ मिग्रॅ/मिली द्रावणातून ८० मायक्रोलिटर घेतले की २ मिग्रॅ झाले. घेताना काचेचीच सिरिंज वापरा. क्लोरोफॉर्म प्लास्टिकच्या टिपमधली द्रव्यं सोबत ओढून आणतो. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली थर दिसावा म्हणून चकाकणारं (फ्लुरोसंट) लिपिड ०.५ मोल टक्के पुरे. नायट्रोजनच्या हलक्या झोताने सुकवा, किमान दोन तास निर्वातात ठेवा, मग १ मिली बफर घाला: १० मिलिमोलर ट्रिस, १५० मिलिमोलर मीठ, पीएच ७.४. पाच वेळा गोठवून वितळवलं तर पुढे हात कमी दुखतात. यासाठी द्रव नायट्रोजन कुठून आणायचा म्हणाल, तर जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी तो जिल्ह्यात फिरतच असतो.

एक्स्ट्रूडर कोरडा जोडू नये. आधारकागद आणि फिल्टर आधी बफरने भिजवा, नट हाताने घट्ट करा. पाना लावला तर फिल्टरला सुरकुती पडते. १०० नॅनोमीटरच्या छिद्रांतून द्रावण ११ किंवा २१ वेळा न्यावं. आकडा विषमच हवा, म्हणजे शेवटचा माल समोरच्या सिरिंजमध्ये येतो आणि न गाळलेले मोठे तुकडे मागे राहतात. दुधाळ द्रावण निळसर, आरपार दिसण्याजोगं झालं म्हणजे जमलं. मध्येच जोर अचानक कमी लागायला लागला आणि रंग दुधाळच राहिला, तर फिल्टर फाटलाय; पुढे ढकलण्यात अर्थ नाही. उलट फार जड जात असेल तर आधी ४०० नॅनोमीटरचा फिल्टर लावा. दांडा वाकला तर नवी सिरिंज घ्यावी लागते, आणि सुटे भाग इथे पटकन मिळत नाहीत. यंत्राचा खरा वैताग हाच, म्हणून पाचपैकी चारच तारे. प्रोब सोनिकेटर (ध्वनिलहरींनी लिपोसोम फोडून लहान करणारी धातूची कांडी) असेल तर हे कशाला, असं कोणी म्हणेल. प्रोबमधून टायटॅनियमचे कण झडतात, ते वेगळे काढावे लागतात, शिवाय आकारही एकसारखा येत नाही.

आता काच. लिपोसोम घन पृष्ठभागावर फुटून पसरतात आणि लिपिडचा दुहेरी थर बनतो, तेच पेशीपटलाचं मॉडेल. ही पद्धत मॅककॉनेल या शास्त्रज्ञांच्या गटाने १९८४-८५ मध्ये रुळवली. थर ४ ते ५ नॅनोमीटर जाड आणि त्याच्याखाली १-२ नॅनोमीटर पाण्याची पातळ गादी. त्या गादीमुळे लिपिड सरकत राहतात, पण पटलाच्या आरपार जाणारी प्रथिनं काचेला टेकून अडकतात. डिटर्जंटने धुतलेली कव्हरस्लिप (सूक्ष्मदर्शकाची पातळ काच) प्लाझ्मा क्लीनरमध्ये किंवा यूव्ही-ओझोनमध्ये घालून लगेच वापरा. पाण्याचा थेंब पसरायला हवा. तो गोळा होऊन बसला तर लिपोसोम ओतू नका. लिपोसोम बफरमध्ये दहापट पातळ करून १५-२० मिनिटं ठेवा, मग धुवा. धुताना थरावर १-२ मिमी पाणी कायम राहू द्यायचं. थर एकदा हवेत उघडा पडला की सोलून निघतो.

तपासणी फ्रॅपने, म्हणजे लेझरने एका जागची चकाकी घालवून ती परत येते का ते पाहून. लेझरने काळा केलेला डाग काही मिनिटांत भरून आला तर थर जिवंत आहे; चांगल्या थरात लिपिड सेकंदाला १ ते ५ चौरस मायक्रोमीटर या गतीने पसरतं. चकाकी भरपूर आहे पण डाग तसाच राहतो, याचा अर्थ लिपोसोम न फुटता नुसतेच चिकटलेत. मीठ कमी पडलं असेल, काच मळकी असेल किंवा पृष्ठभाग सोन्याचा असेल. सोन्यावर ते अख्खेच बसतात. तिथे एक्स्ट्रूडर बदलून काही होणार नाही.

तापवायचा ठोकळा सोबत घ्यायचा का, हे लिपिडवर ठरवा. डीओपीसी आणि पीओपीसी शून्याच्या खालीही पातळ असतात, त्यांना गरज नाही. डीपीपीसीला ४१ अंशांच्या वर ठेवावंच लागतं. अडचण डीएमपीसीची: ते २४ अंशांच्या आसपास गोठतं. मे महिन्यात गंगापूर रोडवरच्या लॅबमध्ये सुरळीत गाळलं जाणारं तेच द्रावण जानेवारीत, निफाडची थंडी बातम्यांत असते त्या सकाळी, फिल्टरमध्ये अडकतं. अशा वेळी जोर न लावता सिरिंजसकट सगळं ३५ अंशांच्या ठोकळ्यावर दहा मिनिटं ठेवून मग सुरुवात करावी.