सतरा मिलिमीटरचा कणा

रिटायर झाल्यावर गोदावरीच्या पुरांच्या आठवणी लिहून काढल्या, डेमी आकारात १७६ पानं. प्रकाशकाच्या दारात खेटे घालायचं वय नाही, म्हणून स्वखर्चाने छापायचं ठरवलं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सरकारकडून फुकट मिळतो, तो मुलीने ऑनलाइन अर्ज करून आणला. राहिलं मुखपृष्ठ.

नाशिकच्या अशोकस्तंभाजवळ एक डिझायनर आहे. नाव लिहीत नाही, पोरगा नवा आहे आणि कामाला कंटाळत नाही. साडेचार हजार रुपये, त्यात तीन दुरुस्त्या.

पहिलं डिझाइन व्हॉट्सॲपवर आलं. गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती, ज्याच्यावरून आम्ही पुराचं पाणी मोजतो, कमरेपर्यंत पाण्यात. घरात सगळे खूश. मी चष्मा पुसून बघितलं तर 'दुतोंड्या'तला ड पाय मोडून एकीकडे, या दुसरीकडे. मलपृष्ठावर 'नाशिक'चं 'नाशकि' झालेलं! पोराला म्हटलं, "अरे, गावाचं नाव तरी वाच." सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा कंपोजर, म्हणजे अक्षरं नीट जुळवणारी सेटिंग, निवडायचा राहिला होता. ते दोन मिनिटांचं काम, पण मजकूर त्याने वाचलाच नव्हता. छपाईला देताना अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे त्यांचं चित्र करून घ्या, नाहीतर प्रेसच्या कॉम्प्युटरवर पुन्हा तोच गोंधळ.

दुसरा घोळ कण्याचा, म्हणजे पुस्तकाच्या पाठीच्या जाडीचा. त्याने १७६ पानं म्हणजे १७६ कागद धरले आणि सतरा मिलिमीटरचा कणा ठेवला. पानं दोन्ही बाजूंनी छापतात, कागद ८८च! सत्तर जीएसएम मॅपलिथोवर (पुस्तकाचा नेहमीचा कागद, जीएसएम हे त्याचं वजन) कणा जेमतेम आठ-नऊ मिलिमीटर भरतो. बाइंडरने त्याच कागदाचा कोरा डमी बांधून दिला, मी त्यावर पट्टी लावली. तो डमी नसता तर कण्यावरचं माझं नाव मुखपृष्ठावर वळून आलं असतं.

रंगाबाबत मी जरा खडूस आहे. ३१ वर्षं नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये काढली. तिथे रेघ केसभर सरकली तरी शीट बाद. मोबाइलवर झळकणारं आकाश सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, विझलं. पाणी मात्र आणखी छान दिसलं, पुराचं पाणी गढूळच असतं म्हणा. छापील प्रूफसाठी मी हट्ट धरला, आकाश दोनदा बदलून घेतलं. पोराने तोंड वाकडं केलं नाही, हे त्याच्या बाजूने.

चित्राची नजर त्याला खरंच आहे. आधी इंटरनेटवरचा फोटो उचलला होता, तो मी नाकारला. मग भल्या सकाळी स्वतः गोदाघाटावर जाऊन त्याने नवा काढला. ओल्या दगडावरचा शेंदूर त्यात असा उतरलाय की मॅट लॅमिनेशनवरही बोट लावून बघावंसं वाटतं.

पाचात साडेतीन. अर्धा गुण कापला तो शेवटच्या दिवशी. ओपन फाइल, म्हणजे पुढे बदल करता येतील अशी मूळ फाइल, मागितली तेव्हा म्हणाला, "काका, तिचे हजार वेगळे." दिले. पण हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं?